फडाचं पाणी: मोसम-आरम खोऱ्यातल्या पाणीवाटपाचं परीक्षण

कसमादे पट्ट्यात, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या भागात, जमीन घ्यायला किंवा वाट्याने करायला निघालेला माणूस विहीर किती परस आहे, बोअरला किती इंच पाणी आहे, वीज दिवसा असते की रात्री, हे सगळं विचारतो. जमीन फडात, म्हणजे बंधाऱ्याच्या पाटाखाली आळीपाळीने भिजणाऱ्या जमिनीच्या एखाद्या भागात, आहे का, असली तर कोणत्या फडात आणि चारीच्या तोंडाला की शेपटाला, हे मात्र विचारायचं राहून जातं. नदीवरच्या जुन्या बंधाऱ्यावरून गावाने गावाला पुरवायची ही पाण्याची सेवा तीनशे-चारशे वर्षांपासून चालत आलेली आहे. तिच्या जुनेपणाचं कौतुक भरपूर झालं आहे. इथे ती चालू सेवा म्हणून तपासली आहे: काय मिळतं, किती मिळतं, कोण आणून देतं आणि कुठे बिघडतं.

निकाल आधीच सांगतो. गहू, हरभरा, मका, कांदा किंवा थोडा ऊस करणाऱ्याला, आणि पाट शेवटच्या चारीपर्यंत वाहता असेल तर, इतकी स्वस्त आणि भरवशाची पाण्याची सोय जिल्ह्यात शोधून सापडणार नाही. ठिबकवर द्राक्ष-डाळिंब करणाऱ्याला ती एकटी पुरणार नाही. आणि पाट मधेच मेलेला असेल तर जमिनीच्या भावात फडाचा एक रुपयाही धरू नका.

सेवेचे भाग पाच. नदीच्या पात्रात जिथे कातळ उघडा पडला आहे तिथे दगड-चुन्यात बांधलेला ठेंगणा बंधारा. त्याच्या एका कडेच्या मोरीतून निघणारा पाट किंवा कालवा, दोन ते बारा किलोमीटर लांब. पाटातून फुटणाऱ्या चाऱ्या. चारीतून शेतात पाणी नेणारे सारंग. आणि जास्तीचं पाणी नाल्यात, नदीत परत सोडणारे सांडवे. या पाटाखाली जेवढी जमीन भिजते ते थळ, आणि थळाचे बहुधा चार भाग पाडलेले असतात ते फड. एक फड दहा हेक्टरांचाही असतो आणि दोनशेचाही. सर्वसाधारण शंभर ते सव्वाशे हेक्टर.

हा बंधारा पाणी साठवत नाही, वळवतो. त्यामुळे गाळाने तो निकामी होत नाही. पुरात वाळू माथ्यावरून पुढे निघून जाते. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला पावसाळ्याआधी फळ्या काढा, पावसाळा सरता सरता वेळेवर घाला, फळ्या चोरीला जाऊ देऊ नका, हे दुखणं असतं. फडाच्या बंधाऱ्याला ते नाही. वळवलेलं पाणी शेतात मुरतं, त्यातला पाझर उताराने पुन्हा नदीत येतो आणि तोच खालच्या गावाच्या बंधाऱ्यावर पुन्हा वळवला जातो. मोसम नदीवर ताहाराबाद, जायखेडा, नामपूरकडून मालेगावकडे येताना असे बंधारे एकामागून एक लागतात. वरच्या गावाचा पाट गळतो म्हणून त्याला नावं ठेवण्याआधी ती गळती खालच्या कोणत्या बंधाऱ्यावर आणि कोणत्या विहिरींत उतरते ते पाहायला हवं. पाटाला वरून खालपर्यंत सिमेंटचं अस्तर लावलं की वरच्या गावाचं पाणी वाढतं, पण पाटाखालच्या विहिरी फेब्रुवारीतच तळाला जातात. अस्तर लावायचंच तर ते मुरमाड, फुटक्या तुकड्यांपुरतं लावावं. काळ्या जमिनीतून जाणारा पाट दोन-तीन हंगामांत स्वतःच्या गाळाने स्वतःच लिंपला जातो.

आता किती पाणी मिळतं ते. चांगल्या स्थितीतल्या पाटाची वहनक्षमता सेकंदाला साधारण ४५० लिटर, म्हणजे सोळा क्युसेकच्या आसपास. चोवीस तासांत ३८,८८० घनमीटर. मातीच्या पाटात एक तृतीयांश वाटेतच मुरलं असं धरा. शेतावर सुमारे २५,९०० घनमीटर पोचतं. काळ्या जमिनीला एका पाण्याला साडेसात सेंटिमीटर लागतं असं धरलं, तर हेक्टरी साडेसात लाख लिटर, म्हणजे ७५० घनमीटर. याचा अर्थ दिवसाला चौतीस-पस्तीस हेक्टर भिजतात, सव्वाशे हेक्टरांचा एक फड साडेतीन-पावणेचार दिवसांत उरकतो आणि चारही फडांची पाळी चौदा-पंधरा दिवसांत पुरी होते.

मार्चमध्ये नदी चौथाईवर आली की हाच पाट सेकंदाला ११२ लिटर देतो. मग दिवसाला साडेआठ हेक्टरच भिजतात. हिवाळ्यात चार फडांना जेवढे दिवस लागत होते तेवढेच दिवस आता एका फडाला लागतात. पाणी चारही फडांत थोडं थोडं वाटलं तर पाळी दोन महिन्यांवर जाईल आणि कुठलंच पीक हाती लागणार नाही. म्हणून फडाचा कारभार पाहणारे गावचे पंच उन्हाळ्यात फड बंद करतात, आणि बारमाही ऊस एक किंवा दोनच फडांत ठेवायचा हा नियम इथूनच आला आहे. कुणाला तो मनमानी वाटत असेल तर त्याने वरचा हिशोब एकदा स्वतः करून पाहावा.

आणि इथेच या सेवेचा खरा कस आहे. एका फडात एकच पीक, आणि प्रत्येक खातेदाराची जमीन शक्यतो प्रत्येक फडात. एक फड बंद ठेवला की कपात सगळ्यांच्या वाट्याला सारखी येते. पाटलाचं शेत वरच्या फडात म्हणून भिजलं आणि शेवटच्या माणसाचं सुकलं, असं होत नाही, कारण दोघांचंही थोडं भिजतं आणि दोघांचंही थोडं पडीक राहतं. दुष्काळात पाण्याचं माप घटतं, पण प्रत्येकाचा हिस्सा घटत नाही. पुढच्या साली फड फिरतो: उसाच्या जागी हलकं पीक येतं, तिसऱ्या-चौथ्या साली जमीन विसावते, पाणथळ आणि खारवट होण्याचं भय कमी होतं. एकाच जमिनीत सलग वीस वर्षं ऊस घेऊन चोपण, म्हणजे खारवट आणि निचरा न होणारी, केलेली शेतं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना या फिरण्याची किंमत कळेल.

यामुळे जमिनीचं एकत्रीकरण फडाच्या गावाला उलटं लागू पडतं. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्यामागचा हेतू चांगला होता: माणसाची जमीन एका जागी यावी, बांधात वाया जाऊ नये. पण जिथे चार फडांतले चार तुकडे एका गटात आले, तिथे त्या माणसाचं सगळं नशीब एका फडाशी बांधलं गेलं. तो फड बंद ठेवायचा ठराव आला की तो आता कडाडून विरोध करणार, आणि त्याचं चूकही नाही. जमीन बघताना एकाच गटात पाच एकर मिळत असेल तर सोयीचं वाटतं. फडाच्या हिशोबाने मात्र दोन-दोन एकरांचे दोन तुकडे दोन फडांत मिळाले तर ते जास्त सुरक्षित.

सेवा देणारी माणसं चार प्रकारची. पाटकरी बंधाऱ्यापासून चारीच्या तोंडापर्यंतचं पाणी सांभाळतो. बारेकरी प्रत्यक्ष शेतात पाणी भरतो. जागल्या पीक राखतो. हवालदार या सगळ्यांवर लक्ष ठेवतो आणि पंचांना जबाब देतो. मोबदला पूर्वी रकब्याप्रमाणे धान्यात असायचा. आता बहुतेक ठिकाणी रोखीने, हंगामाला एकरी. या रचनेतली सगळ्यात मोलाची गोष्ट बारेकरी आहे. शेतमालकाने रात्री दोनला उठून दारं धरायला, म्हणजे पाणी वळवायला, जायचं नाही. पाणी फडाच्या एका टोकाकडून निघतं आणि मालक कोण, हे न पाहता ओळीने पुढे सरकतं. रात्रीच्या विजेवर मोटर चालू करायला जाऊन विंचू-सापाच्या भीतीत बांधावर बसणाऱ्या माणसाला विचारा, ही सोय किती मोठी आहे.

चांगला बारेकरी ओळखायचा तो दारं बांधण्यावरून. फावड्याच्या तीन-चार घावांत सारंगाचं दारं मोडतो, तीच माती पलीकडच्या तोंडाला टाकतो, वर गवताची पेंढी किंवा ओल्या गोणपाटाचा तुकडा दाबून पायाने ठोकतो. सारा, म्हणजे शेतातला लांबट वाफा, पूर्ण भरेपर्यंत थांबत नाही. पाणी लांबीच्या तीन चतुर्थांशावर पोचलं की दारं बांधून पुढच्या साऱ्याचं मोडतो. सुटलेलं पाणी उरलेला चौथा हिस्सा आपसूक भिजवतं. नवखा माणूस शेवटच्या बांधाला पाणी लागेपर्यंत वाट पाहतो, आणि मग खालच्या टोकाला गहू पिवळा पडलेला दिसतो. दोन दिवसांनी शेतात फिरा: साऱ्याच्या खालच्या टोकाला चिखल आणि वरच्या टोकाला वाफसा असेल तर पाणी जास्त दिलं गेलं आहे.

पिकांशी ही पाळी कशी जुळते ते पाहा. गव्हाला पाण्याच्या नाजूक वेळा साधारण अशा: मुकुटमुळं फुटताना अठरा ते एकवीस दिवसांनी, कांडी धरताना चाळीस-पंचेचाळीस, फुलोऱ्याला पासष्ट-सत्तर, दाणा भरताना ऐंशी-पंच्याऐंशी. मधलं अंतर पंधरा ते पंचवीस दिवसांचं. पंधरा दिवसांची पाळी यात बसते. हरभऱ्याला फुलोरा आणि घाटे भरताना अशी दोन पाणी दिली तरी पीक येतं. उन्हाळ कांद्याला दहा-बारा दिवसांनी पाणी लागतं. तिथे पाळी दोन-तीन दिवसांनी लांबली की ताण पडतो, म्हणून कांद्याचा फड पाळीत आधी घ्यावा लागतो. द्राक्ष मात्र वेगळं. ठिबकला रोज किंवा दिवसाआड थोडं पाणी लागतं, आणि फड एकदम पुष्कळ देऊन पंधरा दिवस गप्प बसतो.

यावर लोकांनी काढलेला तोडगा म्हणजे शेततळं. पाळीच्या दिवशी तळं भरून घ्यायचं आणि मग ठिबक चालवायचं. एका माणसापुरता तो शहाणपणाचा आहे, पण हिशोब करून पाहा. तीस बाय तीस मीटर आणि तीन मीटर खोल शेततळ्यात सुमारे २,२०० घनमीटर पाणी बसतं. हेक्टरी ७५० घनमीटरांच्या हिशोबाने ही जवळजवळ तीन हेक्टरांची पाळी झाली. ज्याचा फडात एकच हेक्टर आहे त्याने तळं भरलं, तर दुसऱ्या दोन हेक्टरांचं पाणी त्याच्या प्लास्टिकवर जाऊन बसलं. असे चार जण निघाले की शेपटाच्या एकोणीस-वीस एकर जमिनीची पाळी गेली. शेततळ्याला आमचा विरोध नाही. ते पावसाळ्यात, नदी माथ्यावरून वाहत असताना भरावं, आणि रब्बीत भरायचं असेल तर खातेदाराच्या हिश्श्याएवढेच तास मोजून भरावं. ज्या गावात हा नियम लेखी ठरावात आहे तिथे सेवा टिकते. जिथे तोंडी आहे तिथे तो पहिल्या कमी पावसाच्या वर्षी मोडतो.

गावाच्या ठेवणीवर या पाण्याचा ठसा स्पष्ट दिसतो. पाट टेकडीच्या कडेने, सारखी पातळी धरून जातो. त्याच्या वरची बाजू माळ, खालची बागायत. भिजणारी जमीन इतकी मोलाची की घरं शक्यतो तिथे बांधली गेली नाहीत. गावठाण उंचवट्यावर, दाट, भिंतीला भिंत लावून. शेतात राहायची गरजही नव्हती, कारण पाणी बारेकरी भरायचा आणि पीक जागल्या राखायचा. एका फडात एकच पीक असल्यामुळे काट्यांचं कुंपण फडाच्या कडेला केलं की काम भागायचं. प्रत्येकाने आपापल्या तुकड्याभोवती वेगळी वई घालायची गरज नसे. गुरं एकाच वेळी सुटायची, कापणी एकाच आठवड्यात यायची.

हेच निफाड-दिंडोरीकडे पाहा. तिथे विहीर आणि मोटर ज्याची त्याची. बाग ज्याची त्याची. म्हणून माणूस बागेपाशी जाऊन राहिला. मळ्यामळ्यात वस्ती, प्रत्येक वस्तीला वेगळा रस्ता, वेगळी वीजजोडणी, वेगळी पाइपलाइन. यात चांगलं-वाईट ठरवायचं नाही. पण आपल्या खात्याचं पाणी स्वतः ओढायला लागलं की घर गावातून उठतं, ही गोष्ट कसमादेतही आता दिसते. ज्या फडाची पाळी बंद पडली, त्या फडात दहा वर्षांत घरं उभी राहतात. एकदा घरं झाली की सारंग बुजतात, आणि तो फड पुन्हा भिजवता येत नाही. म्हणून जमीन पाहायला गेलात की फडात नवी घरं किती आहेत ते मोजा.

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, गोदावरी आणि कादवेच्या संगमावर नांदूरमध्यमेश्वर आहे. तिथली सखल जमीन या सेवेच्या अगदी उलट उदाहरण आहे, म्हणून थोडं सांगतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला दगडी बंधारा, मागे पसरलेलं उथळ पाणी, दोन्ही काठांनी कोपरगाव-राहात्याकडे जाणारे कालवे. गाळ साचून बेटं आणि दलदल झाली, पक्षी आले, १९८६ मध्ये अभयारण्य झालं आणि २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ. काठच्या चापडगाव, मांजरगाव, खाणगाव थडी या गावांना पाणी शोधत जावं लागत नाही. त्यांचा प्रश्न पाणी घालवण्याचा आहे. काळी जमीन, वर फुगवटा, निचऱ्याला उतार नाही. वरून क्षारांचं पांढरं फूल आलं की समजावं जमीन चोपणाकडे निघाली. तिथे पाटापेक्षा चर महत्त्वाचा: निदान मीटरभर खोल, नाल्याकडे सलग उतार असलेला, आणि दरवर्षी पाणकणीस आणि जलपर्णी काढलेला. शेजाऱ्याने आपला चर बुजवला की वरच्या सगळ्यांची पिकं पिवळी पडतात. म्हणजे सखल भागातही पाणी एकट्याचं नसतं. पण तिथे सगळ्यांनी मिळून पाळायची जुनी शिस्त फडाइतकी घट्ट बसलेली नाही. काठालगत, पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन आणि ‘थडी’ लागलेली गावांची नावं एवढंच सांगतात की तिथे माणसाने पाण्याच्या येण्याजाण्याप्रमाणे आपली वेळ बदलली. वरच्या चांदोरी-सायखेड्याला २०१६ आणि २०१९ च्या पुरांत पाणी गावात शिरलं, तेव्हा काठाला किती जवळ राहायचं हा प्रश्न पुन्हा वर आला.

परत फडाकडे. बिघाड कुठे होतो, हा या परीक्षणाचा सगळ्यात लांब भाग, कारण सेवा घेणाऱ्याला तोच कामाचा.

पहिला बिघाड नदीचाच. मोसमवर हरणबारी, आरमवर केळझर, गिरणेवर चणकापूर अशी धरणं झाली, आणि पावसाळा सोडला तर नदी आता आपल्या चालीने वाहत नाही; आवर्तन, म्हणजे धरणातून ठरावीक काळाने सोडलेलं पाणी, सुटतं तेव्हा वाहते. फडाचा पाट सारख्या, सलग प्रवाहासाठी आहे. आवर्तनाचं पाणी लोंढ्याने येतं, काही दिवस भरभरून राहतं आणि मग महिनाभर पात्र कोरडं. कोरडा पाट तडकतो. पुढच्या आवर्तनाचा पहिला दीड-दोन दिवसांचा प्रवाह त्या भेगा पितात आणि शेपटाला पाणी पोचेपर्यंत आवर्तन बंद होतं. यावर उपाय एकच कामाला येतो: आवर्तनाआधी पाटकऱ्याने पाट फिरून भेगा आणि भगदाडं काळ्या मातीने बुजवणं, आणि पाळी शेपटाकडून सुरू करणं. तोंडाकडून सुरू केली तर शेवटच्या चारीला काही उरत नाही. ओझरला वाघाड कालव्याच्या शेपटाच्या शेतकऱ्यांनी नव्वदच्या दशकात पाणीवापर संस्था करून घनमापाने पाणी घ्यायला सुरुवात केली, त्यामागचं दुखणं हेच होतं. २००५ च्या कायद्याने सिंचनाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या संस्थांकडे द्यायची वाट मोकळी केली आहे. फडाच्या गावाकडे संस्थेची शिस्त आधीपासून आहे, फक्त ती कागदावर आणायची.

दुसरा बिघाड साफसफाईतून होतो, आणि तो चांगल्या हेतूने केला जातो म्हणून जास्त वाईट वाटतं. पूर्वी पाट फावड्याने काढायचे, प्रत्येक खातेदाराने आपल्या रकब्याप्रमाणे माणसं द्यायची. आता जेसीबी येतो आणि एका दिवसात किलोमीटरभर पाट काढून जातो. चालक गाळ कुठे संपला आणि मूळ तळ कुठे लागला हे बघत नाही. तळ फूटभर जास्त खोल गेला की चारीचं तोंड पाण्याच्या पातळीच्या वर राहतं. पाट भरून वाहतो आणि चारीत थेंब उतरत नाही. मग प्रत्येक चारीपाशी दगड-गोण्या टाकून पाणी अडवायचं, त्यामागे गाळ साचायचा, वरचा काठ फुटायचा. रुंदी वाढवली तरी नुकसानच: तेवढंच पाणी रुंद पाटात संथ होतं, आणि संथ पाणी गाळ टाकतं. यंत्र लावायचंच असेल तर आधी प्रत्येक चारीच्या तोंडाच्या उंबऱ्याची पातळी खुंटी ठोकून दाखवावी आणि त्या खुंटीखाली किती उतरायचं हे चालकाला आकड्यात सांगावं.

तिसरा, बंधाऱ्याखालची वाळू. पात्रातली वाळू उपसली गेली की तळ खाली जातो आणि बंधाऱ्याचा पाया उघडा पडतो. पुराचं पाणी माथ्यावरून पडताना पायथ्याशी खळगा करतं, दगड सुटतात. कातळावर नीट बसलेला भाग टिकतो. कडेचा, मातीला टेकलेला भाग आधी जातो. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला उन्हाळ्यातही ओली, शेवाळलेली रेघ दिसली तर आतून पाणी सुटलं आहे असं समजा. वरच्या बाजूने काळ्या मातीच्या गोण्या दाबून तात्पुरतं थांबतं. जुन्या चुन्याच्या कामावर नुसता सिमेंटचा गिलावा मात्र करू नये. मागून पाण्याचा दाब आला की तो पापुद्र्यासारखा सुटून येतो आणि पैसे पुरात जातात. सांधे खरवडून खोलवर भरावे लागतात.

छोटे बिघाड पुष्कळ आहेत. खेकडे आणि उंदीर पाटाच्या भरावात बिळं करतात. बोटाएवढं बीळ रात्रीतून घागरीएवढं होतं. बेशरमाची झुडपं काठावर माजतात. पाटाला प्लास्टिकचा पाइप लावून गुपचूप पाणी घेणं वाढलं आहे. या सगळ्यावर पाटकऱ्याची रोजची फेरी हाच इलाज, आणि पाटकऱ्याचा पगार थकला की फेरी थांबते. म्हणून गावात चौकशी करताना बंधारा किती जुना हे विचारण्यापेक्षा पाटकऱ्याला मागच्या हंगामाचा मोबदला पूर्ण मिळाला का, हे विचारा.

बंद पडलेली अशी सोय पुन्हा उभी करता येते. सिन्नर तालुक्यात देवनदीवरचे ब्रिटिशकाळातले वळणबंधारे आणि पाट युवा मित्र संस्थेने गावांना बरोबर घेऊन पुन्हा वाहते केले. तिथेही दगड-माती उचलण्याआधी खातेदारांची यादी, वर्गणी आणि पाळीचा ठराव ही कामं होती. नुसता पाट दुरुस्त करून मिळाला आणि पंच बसले नाहीत, तर तिसऱ्या वर्षी तो पुन्हा बुजतो.

विश्वेश्वरय्या यांनी १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून नोकरी सुरू केली ती नाशिकलाच, आणि खानदेशातल्या नदीकाठांवर त्यांनी काम केलं. पुढे दख्खनच्या कालव्यांवर त्यांनी आणलेल्या ब्लॉक पद्धतीत जमिनीचे गट, पिकांची फेरपालट आणि उसावर मर्यादा होती. फडाच्या जवळची ती कल्पना ज्याला समजून घ्यायची असेल त्याला मोसमच्या काठी अजून पाहायला मिळते.

जमीन घेणाऱ्याने प्रत्यक्ष काय करावं? सातबाऱ्यावर पीकपाहणीत जलसिंचनाचं साधन काय लिहिलं आहे ते मागच्या पाच-सात वर्षांचं पाहा. एक वर्ष ‘पाट’ आणि पुढे सगळी वर्षं ‘विहीर’ असेल तर पाळी बंद आहे. गट कोणत्या फडात येतो ते पंचांकडून खात्री करून घ्या. मग पाण्याचं माप स्वतः घ्या, त्याला यंत्र लागत नाही. पाट सरळ असेल तिथे दहा मीटर अंतर दोरीने मोजा, वाळकं पान सोडा आणि किती सेकंद लागतात ते पाहा. समजा पाट सव्वा मीटर रुंद, पाणी अर्धा मीटर खोल आणि पानाला वीस सेकंद लागले. वेग अर्धा मीटर. वरचं पाणी तळापेक्षा जोरात वाहतं म्हणून त्याचे पंच्याऐंशी टक्केच धरा. येतात सेकंदाला सुमारे २६५ लिटर, नऊ क्युसेकच्या थोडं वर. हेच माप तुमच्या चारीच्या तोंडापाशी पुन्हा घ्या. वाटेत एकही चारी उघडी नसताना दोन मापांत एक तृतीयांशाचा फरक चालतो. अर्ध्याहून जास्त फरक असेल तर पाट फिरून पाहा, कुठेतरी भगदाड किंवा पाइप आहे.

हे माप नोव्हेंबरात घेऊ नका, तेव्हा सगळेच पाट भरलेले असतात. मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात, आवर्तन सुटून तीन दिवस झाल्यावर, शेवटच्या फडाच्या शेवटच्या सारंगापाशी सकाळी जाऊन उभे राहा. तिथली माती ओली असेल आणि दारं ताज्या मातीने बांधलेलं असेल, तर सौद्याला बसा.